स्वभावाला औषध नसेल, उपाय आहे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जुने शहर, अकोला येथे ‘किशोरवयातील व्यक्तिमत्त्व विकार : ओळख आणि उपचार’ या विषयावर दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो, तसाच तो पुढच्या पिढीकडे पाहण्याचाही असतो. या संस्थेचे काम ज्यांच्या हाती पुढे जाणार आहे, ती मुले आज आठवीपासून महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापर्यंत कोठे ना कोठे शिकत आहेत. त्यांच्या शिक्षणाविषयी, आहाराविषयी आणि संस्कारांविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्यांच्या मनाला होणाऱ्या एका विशिष्ट आजाराविषयी मात्र आपण घरातही बोलत नाही. आज त्याविषयी बोलावे अशी सूचना विश्वस्तांनी केली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आपल्याकडे एक म्हण सर्वतोमुखी आहे : ‘स्वभावाला औषध नाही.’ मुलगा क्षुल्लक कारणावरून भडकतो, मुलगी दिवसेंदिवस कोणाशी बोलत नाही, एखादे मूल रागाच्या भरात स्वतःलाच इजा करून घेते. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी ही म्हण उच्चारून विषय संपवतात. माझ्या व्याख्यानाचा सारा रोख या म्हणीवर आहे. ती अर्धी खरी आहे आणि अर्धी खोटी. ज्या अर्ध्यात ती खोटी आहे, त्यामुळे कित्येक मुलांची उमेदीची वर्षे वाया जातात आणि प्रसंगी जीवही जातो.

वय कोणते, विकार कोणता

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. किशोरवय हा आजार नव्हे. मेंदूतील भावना जागवणारे भाग या वयात जोमाने काम करू लागतात; पण परिणामांचा विचार करणारा, आवर घालणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. गाडीला वेग आलेला असतो आणि ब्रेक अजून घट्ट बसायचे असतात. त्यामुळे उलट बोलणे, घरच्यांपेक्षा मित्रांचे ऐकणे, धोका पत्करणे, एकांत हवासा वाटणे हे सारे त्या वयाचेच लक्षण होय. आपल्या याच जुन्या शहरात श्रावणातील शेवटच्या सोमवारी हजारो तरुण गांधीग्रामहून पूर्णा नदीचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला अभिषेक करतात. रात्रभर पायी चालण्याची ती जिद्द, तो गोंगाट आणि आपल्या मंडळाविषयीचा तो अभिमान पाहिला म्हणजे या वयाला आपलेपणाची किती तहान असते ते कळते. त्या ऊर्जेला कोणी विकार म्हणू नये.

‘मी कोण?’ हा प्रश्नही याच वयात पडतो. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने किशोरवयाचे मुख्य कार्यच स्वतःची ओळख घडवणे हे मानले. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीतील पांडुरंग सांगवीकर मराठी वाचकांना इतका जवळचा वाटला, कारण तो गोंधळ प्रत्येकाने थोडाफार अनुभवलेला असतो.

मग विकार कोठे सुरू होतो? त्यासाठी तीन कसोट्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली कसोटी काळाची. परीक्षेपुरते किंवा एखाद्या दुःखद घटनेनंतर काही आठवडे वागणे बदलले, तर तो विकार ठरत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेनुसार अठरा वर्षांखालील मुलांत ही लक्षणे किमान १ वर्ष टिकून असावी लागतात. दुसरी कसोटी व्याप्तीची. केवळ वडिलांशी खटके उडतात, पण शाळेत, मित्रांत व आजीजवळ मूल ठीक असते, तर प्रश्न बहुधा त्या एका नात्याचा असतो. घर, शाळा, मैत्री अशा सर्वच ठिकाणी तेच घडत असेल तर विचार करावा. तिसरी कसोटी हानीची. त्या वागण्यामुळे शिक्षण थांबते आहे काय, नाती तुटत आहेत काय, मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करते आहे काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘होय’ येत असतील, तर तज्ज्ञाचा सल्ला घेतलाच पाहिजे.

एक सावधगिरी मात्र हवी. नैराश्य, अतिचंचलता, व्यसन, स्वमग्नता, लैंगिक अत्याचार किंवा मारहाणीचा आघात यांतूनही बाहेरून तशीच दिसणारी लक्षणे उद्भवतात. म्हणून हे निदान आईवडिलांनी, शिक्षकांनी किंवा मोबाईलवर वाचलेल्या मजकुरावरून स्वतः मुलाने करू नये. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला होता. त्यांतील नेमका कोणता, हे ठरवणे तज्ज्ञाचे काम आहे.

आतून काय होते

व्यक्तिमत्त्व विकारांचे अनेक प्रकार सांगितले जातात. किशोरवयात ज्याचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे, त्याला ‘बॉर्डरलाइन’ अर्थात सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. अॅडॉल्फ स्टर्न या डॉक्टरांनी १९३८ मध्ये हा शब्द वापरला, तेव्हा हे रुग्ण सौम्य आणि तीव्र मनोविकारांच्या सीमेवर आहेत अशी समजूत होती. ती समजूत मागे पडली, नाव राहिले.

समजण्यासाठी एक उदाहरण कल्पू या. अकरावीतील एक मुलगी आहे. मैत्रिणीने दोन तास तिच्या संदेशाला उत्तर दिले नाही. आपल्याला वाटेल, कामात असेल. या मुलीला वाटते, तिने मला कायमचे टाकले. काल जी मैत्रीण जगातील सर्वांत चांगली होती, ती आज वैरीण ठरते. छातीत असह्य कालवाकालव होते. ती थांबावी म्हणून मुलगी आरडाओरडा करते, वस्तू फेकते किंवा स्वतःला इजा करते. तासाभराने वादळ ओसरते आणि उरते ती लाज व रितेपणा. घरचे म्हणतात, ‘नाटक करते.’ वस्तुतः ते नाटक नसते. मार्शा लिनहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अशा माणसांना अंगभर भाजलेल्या माणसाची उपमा दिली आहे. ज्याला कातडीच उरलेली नाही, त्याला हलकासा स्पर्शही वेदना देतो.

असे का होते? कोणा एकाच्या दोषामुळे नव्हे. काही मुले जन्मतःच अधिक हळवी असतात. त्यांना भावना लवकर येते, तीव्र येते आणि उशिरा ओसरते. यात आनुवंशिकतेचा वाटा असतो. अशा मुलाला ‘एवढ्याशा गोष्टीला काय रडतोस’, ‘तुझ्या बहिणीला काही होत नाही, तुलाच कसे होते’ असे वारंवार ऐकावे लागले, म्हणजे आपल्या भावना खोट्या आहेत असे ते शिकते. मग शब्दांनी सांगितलेले कोणी ऐकत नाही म्हणून ते कृतीने सांगू लागते. पुष्कळ मुलांच्या पूर्वायुष्यात छळ किंवा उपेक्षाही आढळते, परंतु सर्वांच्या नाही. म्हणून आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे जितके चूक, तितकेच मुलाला दोष देणेही चूक.

नाव द्यावे की न द्यावे

दीर्घकाळ डॉक्टर मंडळी अठरा वर्षांखालील मुलांना हे निदान सांगण्यास कचरत असत. त्यांची भीती निराधार नव्हती. ज्याचे व्यक्तिमत्त्व अजून घडते आहे, त्याच्या कपाळावर ‘विकृत’ असा शिक्का मारणे क्रूर आहे. समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचे निदान अठरा वर्षांपूर्वी करू नये, हा नियम आजही कायम आहे. परंतु इतर विकारांच्या बाबतीत मौन पाळल्याने मुलांचा फायदा झाला नाही. नाव न मिळाल्याने उपचारही मिळाले नाहीत.

आता दृष्टी बदलली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे रोगांचे नवे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यात व्यक्तिमत्त्व विकारांच्या जुन्या ठरावीक प्रकारांऐवजी सौम्य, मध्यम आणि तीव्र अशी श्रेणी मुख्य मानली आहे आणि अठरा वर्षांची अट घातलेली नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे अँड्र्यू चॅनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुणांसाठी लवकर उपचारांचे केंद्रच चालवले. मी स्वतः ‘विकृती’ हा शब्द टाळतो. ‘विकार’ येतो आणि जाऊही शकतो. ‘विकृत’ म्हटले की माणूसच बाद होतो.

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असे मानणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगतो. अमेरिकेतील मॅकलीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी या विकारासाठी दाखल झालेल्या २९० रुग्णांचा पाठपुरावा केला. १० वर्षांत त्यांतील ९३ टक्के रुग्णांची लक्षणे निदान २ वर्षे तरी निकषांखाली राहिली. ही आशादायक बाजू झाली. पण लक्षणे शमण्याबरोबरच नाती व नोकरी यांतही चांगली घडी बसली, असे रुग्ण निम्मेच होते. वादळ शमते, पण वादळात बुडालेली दहावी-बारावी, सुटलेली मैत्री आणि गेलेला आत्मविश्वास आपोआप परत येत नाही. ‘वय वाढले की सुधारेल’ असे म्हणून वाट पाहणाऱ्यांनी या दोन आकड्यांतील अंतर लक्षात घ्यावे. लवकर उपचार करायचे ते याचसाठी.

औषध नाही, उपाय आहे

आता म्हणीतील खरा अर्धा भाग. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २००९ मध्येच स्पष्ट केले की सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारासाठी म्हणून औषधे देऊ नयेत. सोबत नैराश्य किंवा अन्य आजार असेल तर त्याची गोळी डॉक्टर देतात आणि ती घेतली पाहिजे. पण स्वभाव बदलणारी गोळी जगात कोठेही नाही. ती देतो असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

खरा उपाय मानसोपचाराचा, म्हणजे शिकण्याचा आहे. लिनहान यांनी विकसित केलेली ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ ही त्यांतील सर्वांत परिचित पद्धती. तिची पहिली शास्त्रीय चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. २०११ मध्ये लिनहान यांनी जाहीरपणे सांगितले की वयाच्या सतराव्या वर्षी, १९६१ मध्ये, त्या स्वतःच अशा यातनांपायी मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या. ज्या मुलीला त्या वेळी डॉक्टरांनी सर्वांत कठीण रुग्णांत धरले होते, तिनेच पुढे हजारोंना वाट दाखवली.

या पद्धतीत मूल चार कौशल्ये शिकते : मनात आत्ता काय चालले आहे ते तटस्थपणे पाहणे, संकटाची घटका अधिक नुकसान न करता निभावून नेणे, भावनेला नाव देऊन तिचे नियमन करणे, आणि नाते न तोडता आपले म्हणणे मांडणे. किशोरांसाठी तयार केलेल्या आवृत्तीत आईवडीलही वर्गात बसतात आणि तीच कौशल्ये शिकतात. नॉर्वेतील ओस्लो येथे ७७ किशोरांवर केलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९ आठवड्यांच्या या उपचाराने स्वतःला इजा करण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक घटले.

या उपचाराचे मर्म आपल्या समाजाला नवे वाटू नये. उपचारक मुलाला एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो : ‘तू आज जसा आहेस तसा मला समजतोस आणि मान्य आहेस’ आणि ‘तुला बदलावे लागेल.’ वरवर पाहता ही विधाने परस्परविरोधी आहेत. एकच धरले तर मूल लाडावते किंवा मोडते. दोन्ही सत्ये एकत्र धरणे हाच उपचार. अनेकान्ताची शिकवण ज्यांनी लहानपणापासून ऐकली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. घरात मुलाशी बोलताना ती आठवण्याची आवश्यकता आहे.

हा उपचार शास्त्रोक्त पद्धतीने देणारे तज्ज्ञ आपल्या देशात अद्याप थोडे आहेत आणि ते बहुधा मोठ्या शहरांत असतात. म्हणून निराश होऊ नये. मेलबर्नमध्येच १५ ते २५ वयोगटातील १३९ तरुणांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन प्रकारच्या सेवांची तुलना केली गेली. खास मानसोपचार मिळालेल्या आणि तो न मिळालेल्या गटांत वर्षभरानंतरच्या दैनंदिन जीवनातील सुधारणेत लक्षणीय फरक दिसला नाही. लवकर निदान, नियमित भेटी, आपुलकीने व सातत्याने केलेला पाठपुरावा आणि कुटुंबाचा सहभाग या साध्या गोष्टींतही मोठे बळ आहे, असा त्याचा अर्थ मी घेतो.

घराने आणि समाजाने काय करावे

जुन्या शहरातील आपल्या एकत्र कुटुंबांत एक मोठी सोय आहे आणि एक अडचणही. मुलाला रागावले तर कुशीत घेणारी आजी असते. पण त्याच घरात वडील एक नियम सांगतात, काका दुसरा, आणि काकू सर्वांदेखत त्याची चुलत भावाशी तुलना करतात. हळव्या मुलाला हे सहन होत नाही. म्हणून काही साधे नियम सुचवतो. मुलाविषयीचे निर्णय मोठ्यांनी आधी आपसांत ठरवावेत आणि सर्वांनी तेच पाळावेत. राग अंगात असताना उपदेश करू नये. वादळ ओसरल्यावर बोलावे. ‘तुला फार त्रास होतोय, हे मला दिसतेय’ एवढे वाक्य आधी उच्चारावे आणि मगच काय चुकले ते सांगावे. भावना मान्य करणे म्हणजे वागणे मान्य करणे नव्हे. वस्तू फोडली तर ती त्याने भरून द्यावी. पण ‘तू आमचे नाव बुडवलेस’ असे म्हणू नये. आणि मरणाची भाषा कधीही धमकी समजून उडवून लावू नये. त्या वेळी मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा चित्रपट २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. त्यातील तरुणाचा आजार नैराश्याचा आहे, विषय थोडा वेगळा. परंतु आयुष्याला कंटाळलेल्या त्या मुलाला आसरा देणारी माणसे त्याच्यावर प्रश्नांचा मारा करीत नाहीत, उपकार मोजत नाहीत; धीराने सोबत राहतात. घरातील सर्वांनी एकत्र बसून तो पाहावा.

समाजाविषयी स्पष्ट बोलण्याची परवानगी द्यावी. ‘बाहेर कळू देऊ नका, उद्या स्थळे यायची आहेत’ या एका वाक्यामुळे मुलींना दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास जो उशीर होतो, तो फार महागात पडतो. त्याहून घातक वाक्य म्हणजे ‘लग्न करून द्या, सुधारेल.’ लग्न हा उपचार नाही. जी मुलगी मैत्रिणीच्या दोन तासांच्या अबोल्याने कोसळते, तिला अनोळखी घरात पाठवणे हा तिच्यावर आणि त्या घरावरही अन्याय आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा करू नये, हेही तो कायदा सांगतो. भारतीय दंड संहितेतील ज्या ३०९ व्या कलमाची लोकांना भीती वाटे, ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेले नाही. पोलिसांच्या भीतीने कोणी घटना लपवू नये.

सामान्य माणसे काय करू शकतात, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातील सर्वसामान्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत नैराश्याची ओळख व प्राथमिक समुपदेशन केले गेले. त्याआधी नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणारे अवघे ४.३ टक्के होते. १८ महिन्यांत ते प्रमाण २७.२ टक्के झाले. तो प्रकल्प मुख्यतः प्रौढांचा होता. पण शेतकऱ्यांच्या गावांत जे घडले, ते आपल्या वस्तीत, आपल्या वसतिगृहांत आणि शिकवण्यांसाठी वाशीम-बुलढाण्याकडून अकोल्यात येऊन खोली करून राहणाऱ्या मुलांत का घडू नये? या संस्थेने आपल्या पुढील वाटचालीत दोन-चार शिक्षक व गृहिणींना असे प्रशिक्षण मिळवून दिले, तर या महोत्सवाचे चीज होईल.

मदत कोठे मिळेल, हेही सांगतो. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवता येते. शासकीय रुग्णालयांतील ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये किशोरवयीन मुलामुलींना सल्ला दिला जातो. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक घरातील दर्शनी भिंतीवर लिहून ठेवावा.

बंधू-भगिनींनो, स्वभावाला औषध नाही असे आपल्या पूर्वजांनी म्हटले, ते गोळीच्या अर्थाने आजही खरे आहे. पण स्वभाव घडतो तो माणसांच्या सहवासात, आणि सावरतो तोही माणसांच्याच सहवासात. ज्या घरात मुलाचे दुःख ऐकून घेतले जाते, वेळेवर तज्ज्ञाची पायरी चढली जाते आणि शेजारी कुजबुजण्याऐवजी सोबत करतात, त्या घरातील मूल सावरण्याची शक्यता पुष्कळ आहे.